डिकीतला डग्गा

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)

गाडीत नवे स्पीकर आणि सबवूफर बसवायचं मनात आलं की माणूस पहिल्यांदा दुकान गाठतो. तिथे भिंतभर स्पीकर लावलेले असतात. दुकानदार एक बटण दाबतो, छातीत धडधडतं, पायाखालची फरशी हलते आणि आपला हात खिशाकडे जातो. श्रोतेहो, माझं म्हणणं इतकंच की दुकानात जाण्याआधी आपल्याच गाडीत पंधरा मिनिटं बसावं. आपण नेहमी ऐकतो ती चार गाणी लावावीत आणि एखादं बातमीपत्रही लावावं. मग काय ऐकू येत नाही, ते कागदावर लिहावं. तबल्याची चाट ऐकू येते, पण डग्ग्याची घुमक येते का? गायिकेचा सूर येतो, पण शब्दाच्या टोकाचा 'स' नीट येतो, की 'फ' वाटतो? हा कागद म्हणजेच तुमचा आराखडा. खरेदी त्याच्यामागून.

मी राहतो कोलशेतला. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला घोडबंदर रस्ता. मध्ये एके काळी रासायनिक कारखाने होते, आता त्यातल्या कित्येकांच्या जागी उंच इमारती उभ्या आहेत. इथून ढोकाळी, कापूरबावडी, माजिवडा असं करत पूर्व द्रुतगती महामार्गाला लागायचं आणि मुंबई गाठायची. तास तर हमखास जातो, पावसाळ्यात दोनही जातात. तेवढेच परतताना. घरात टीव्ही, मुलांचा अभ्यास, पाहुणे; ऑफिसात साहेब. बऱ्याच जणांना स्वतःसाठी म्हणून मिळणारी खोली एकच उरते, ती चार चाकांवरची. त्या खोलीत चांगलं ऐकू यावं असं वाटलं तर त्यात चैन काही नाही.

माझ्या भाच्यानं जुनी, सीएनजीवरची एक छोटी गाडी घेतली. पहिल्या आठवड्यातच म्हणाला, "मामू, डिकीत बारा इंची बसवतो. सगळं कोलशेत हललं पाहिजे." मी म्हटलं, "कोलशेत कशाला हलवतोस बाबा? इतकी बांधकामं चाललीत, ते आपोआप हलतंय. तू आधी डिकी उघड." डिकी उघडली तर आत सीएनजीची टाकी ऐसपैस बसलेली. बारा इंचीचा बॉक्स ठेवायचा कुठे? तिथून पुढे आम्ही दोघांनी जे ठरवत नेलं, तेच आज तुम्हांला सांगतो. गाडी तुमची वेगळी असेल, पण हिशेब हाच आहे.

गाडीत आवाज आणण्याची हौस तशी जुनी. १९३० साली अमेरिकेत पॉल गॅल्विन यांच्या कंपनीनं मोटारीत बसवायचा रेडिओ बाजारात आणला आणि मोटारीवरूनच त्याला 'मोटोरोला' हे नाव दिलं. मुंबईचं रेडिओ केंद्र त्याआधी तीन वर्षं, २३ जुलै १९२७ रोजी सुरू झालं होतं. १९५७ मध्ये विविध भारती आली. पुढे प्रीमियर पद्मिनीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत मागच्या काचेखालच्या फळीवर दोन स्पीकर दिसू लागले. ती टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेली, पण एक सवय मागे ठेवून गेली: गाणं पाठीमागून ऐकायची. मैफलीत आपण गवयाकडे पाठ करून बसत नाही. गाडीतही सूर समोरून यायला हवा. म्हणून आराखड्यातली पहिली ओळ ही: आधी पुढच्या दारांतले स्पीकर, मागचे नंतर, आणि पैसे कमी पडले तर मागचे मुळीच नकोत.

आता थोडं कानाबद्दल. तरुण, निरोगी कानाला साधारण २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. हर्ट्झ म्हणजे एका सेकंदातली कंपनं. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तानपुऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झची असते. बेस गिटारची सर्वांत जाड तार ४१ ची. डग्ग्याची घुमक शंभराच्या आगेमागे. हा झाला तळमजला. माणसाच्या बोलण्यातले स्वर, म्हणजे अ, आ, ई, ऊ, मधल्या मजल्यावर राहतात. व्यंजनांची धार मात्र वरच्या मजल्यावर, दोन हजारांपासून आठ हजारांपर्यंत आणि त्याहीपुढे. जुन्या टेलिफोनवर ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढंच पोचायचं, म्हणून 'सातारा' म्हटलेलं नावाची अक्षरं फोडून सांगावं लागे. मराठीत तर 'चार'मधला च वेगळा आणि 'चाक'मधला वेगळा. लिहिताना दोन्ही एकच, फरक सगळा कानात. ज्या स्पीकरला हा फरक दाखवता येत नाही, तो कवितेच्या काय किंवा बातम्यांच्या काय, उपयोगाचा नाही.

एकच स्पीकर हे तिन्ही मजले सांभाळू शकत नाही, याचं कारण साधं आहे. खालचा सूर काढायला पुष्कळ हवा हलवावी लागते, त्यासाठी मोठा पडदा हवा. वरचा सूर काढायला पडदा सेकंदाला हजारो वेळा मागेपुढे व्हावा लागतो, त्यासाठी तो हलका आणि छोटा हवा. म्हणून दारात साडेसहा इंची वूफर, वर आरशाच्या कोपऱ्यात नखाएवढा ट्विटर आणि दोघांमध्ये कामाची वाटणी करणारा क्रॉसओव्हर, अशी जोडी मिळते. तिला दुकानात 'कंपोनंट' म्हणतात. दोन्ही एकावर एक बसवलेला 'कोअॅक्सिअल' स्वस्त पडतो आणि बसवायला सोपा. पण त्याचा ट्विटर दाराच्या तळाशी, आपल्या पोटरीजवळ राहतो. वरचे सूर सरळ रेषेत जातात, मांडीला अडले की संपले. ते कानाकडे तोंड करूनच यायला हवेत.

मग सबवूफर कशाला? माझ्या मते इथेच बहुतेकांची समजूत उलटी असते. सबवूफर मोठ्यानं ऐकण्यासाठी आहे असं लोक धरून चालतात. खरं तर तो हळू ऐकण्यासाठी आहे.

१९३३ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी माणसाचा कान मोजला. त्यांना आढळलं की आवाज लहान केला की कानाला सगळ्यात आधी खालचे सूर दिसेनासे होतात. हजार हर्ट्झचा एक अगदी हळू, ४० डेसिबलचा सूर घ्या. ५० हर्ट्झचा सूर तितकाच वाटावा म्हणून तो किमान ३० डेसिबलनं जास्त वाजवावा लागतो. त्यात गाडी धावू लागली की टायर, इंजिन आणि हवेची घरघर सुरू होते. ही घरघर बहुतांशी खालच्या सुरांचीच असते, त्यामुळे ती डग्ग्यालाच गिळते. आपल्याला वाटतं आवाज कमी आहे. आपण बटण फिरवतो. वरचे सूर आधीच पुरेसे होते, ते आता कानात टोचू लागतात, आणि खालचे तरीही येत नाहीत, कारण छोट्या स्पीकरला ते काढताच येत नाहीत. कान दुखतो आणि मन भरत नाही. सबवूफर असेल तर तळ भरतो, आणि तेच गाणं कमी आवाजात पुरं वाटतं. सबवूफर निवडण्याची कसोटी हीच ठेवा: तो बसल्यावर तुमचं बटण आधीपेक्षा खाली राहिलं पाहिजे.

आता वॅट. खोक्यावर छापलेला आकडा पाहून भुलू नका. पूर्वी टेपरेकॉर्डरवर 'पीएमपीओ' म्हणून हजार-हजार वॅट छापलेले असत, त्याचीच ही नवी पिढी. डॅशबोर्डातल्या स्टीरिओवर '५० वॅट गुणिले ४' लिहिलेलं असतं. शाळेतलं गणित करून बघू. गाडी चालू असताना बॅटरीकडून सुमारे १४ व्होल्ट मिळतात. स्पीकरचा रोध साधारण ४ ओहम. चौदाचा वर्ग १९६, त्याला आठानं भागा: साडेचोवीस. एवढ्या व्होल्टेजवर एका स्पीकरला शुद्ध आवाजाचे याहून जास्त वॅट देताच येत नाहीत. प्रत्यक्षात १८ ते २२ मिळतात. मग पन्नास कुठून आले? ते क्षणभराचे, आवाज फाटल्यावरचे. म्हणून माहितीपत्रकात 'आरएमएस' हा शब्द शोधावा आणि त्याच्यापुढचाच आकडा वाचावा. स्टीरिओच्या मागचा फ्यूज पाहिला तरी सोंग कळतं. फ्यूज १० किंवा १५ अँपिअरचा असेल, तर त्यातून दोनशे वॅट आवाज येणं शक्य नाही.

याहून जास्त ताकद हवी असेल तर वेगळा अॅम्प्लिफायर लागतो, जो आधी चौदा व्होल्ट वाढवून घेतो. पण तो घेण्याआधी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. याउलट स्पीकरच्या माहितीत 'सेन्सिटिव्हिटी' नावाचा आकडा असतो. एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल, तो हा आकडा. ८७ ऐवजी ९० चा स्पीकर निवडला, तर अॅम्प्लिफायर न बदलता वॅट दुप्पट केल्याचा फायदा फुकट मिळतो. डॅशबोर्डातल्या स्टीरिओवरच काम भागवायचं असेल त्यानं हा आकडा आधी पाहावा.

तरीही मी भाच्याला पहिला खर्च स्पीकरवर करू दिला नाही. पहिला खर्च दारावर. गाडीचं दार म्हणजे पत्र्याचा पोकळ डबा. दाराचं पॅड काढलं की आतल्या पत्र्याला मोठमोठी भोकं दिसतात. स्पीकरचा पडदा पुढे जाताना पुढची हवा दाबतो, मागे तितकीच हवा विरळ होते. ही दोन्ही त्या भोकांतून एकमेकांना भेटली की खालचे सूर जागच्या जागी मरतात. शिवाय पातळ पत्रा स्वतः थरथरतो आणि गाण्यात आपला खडखडाट मिसळतो. उपाय म्हणजे ब्युटाइल रबराची, वरून अॅल्युमिनिअमचा पत्रा असलेली चिकट शीट. दुकानात त्याला 'डॅम्पिंग' म्हणतात. आतल्या पत्र्याची भोकं बुजवायची, बाहेरच्या पत्र्यावर काही पट्टे चिकटवायचे. बोटानं दार ठोकून बघा: आधी टणटण, नंतर ठप्प. याच खर्चात रस्त्याचा आवाजही थोडा कमी होतो. पण आपल्याकडे पावसाळा चार महिन्यांचा आहे. काचेवरून ओघळलेलं पाणी दाराच्या आत उतरतं आणि तळाच्या छिद्रांतून बाहेर जातं. ती छिद्रं बुजवू देऊ नका. पॅडमागचा प्लॅस्टिकचा कागद कारागिरानं फाडून फेकला, तर पहिल्याच जुलैत स्पीकर भिजतो. आणि दारात एअरबॅगची वायर किंवा सेन्सर असेल, तर ते काम कंपनीच्या गाड्यांची माहिती असलेल्यालाच करू द्या.

मग सबवूफर. त्याचे मुख्य तीन प्रकार. बंद पेटीतला, भोक असलेल्या म्हणजे 'पोर्टेड' पेटीतला, आणि सीटखाली बसणारा चपटा, ज्याच्या पोटातच अॅम्प्लिफायर असतो. बंद पेटीचा ठोका नेटका असतो, वाजला की थांबतो. तबला, पखवाज, ढोलकी ऐकणाऱ्यानं तोच घ्यावा. भोकाची पेटी तेवढ्याच वॅटमध्ये मोठा आवाज देते, पण ती मोठी असते आणि माप चुकलं तर गुमगुमते. पेटीचं माप अंदाजानं ठरत नाही. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि नंतर रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकात त्याचं गणित घालून दिलं. स्पीकरच्या माहितीपत्रकात पेटी किती लिटरची हवी हे त्याच गणितानं दिलेलं असतं. सुतार म्हणाला, "एवढी कशाला, जरा लहान करू," तर नको म्हणा.

भाच्याच्या डिकीत टाकी असल्यानं आमचा निर्णय झाला: सीटखालचा आठ इंची. त्याचं तोंड पडलं. पण गाडीचा एक फायदा असा की तिथे खालचे सूर आपोआप उचलले जातात. पन्नास हर्ट्झच्या सुराची एक लाट सुमारे सात मीटर लांब असते आणि छोट्या गाडीची आतली लांबी त्याच्या निम्मीही नाही. एवढ्याशा बंद जागेत लाट पसरू शकत नाही, सगळ्या हवेवर एकदम दाब पडतो. म्हणून घरच्या हॉलमध्ये दुबळा वाटणारा आठ इंची गाडीत पुरतो. आणि साधारण ऐंशी हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतोय हे कानाला नीट कळत नाही. सबवूफर सीटखाली असला तरी वरच्या सुरांच्या मागोमाग डग्गा समोर वाजतोय असंच वाटतं.

आता जे सांगतो ते पैशांचं नाही, जिवाचं आहे. अॅम्प्लिफायरची मुख्य तार सरळ बॅटरीवरून येते आणि इंजिनाच्या गरम पत्र्यातून आत शिरते. ती तार कुठे घासून उघडी पडली आणि पत्र्याला लागली, तर बॅटरी शेकडो अँपिअर सोडते. तार लाल होते, गाडी पेटते. म्हणून बॅटरीपासून अर्ध्या मीटरच्या आत फ्यूज हवाच. पत्र्यातून तार आत येते तिथे रबराचं बूच हवं. तार शुद्ध तांब्याची हवी. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनिअमची तारही मिळते, ती स्वस्त असते पण तेवढ्याच जाडीत कमी वीज वाहते आणि जास्त तापते. अर्थिंगचा स्क्रू रंग खरवडून स्वच्छ केलेल्या पत्र्यावर घट्ट हवा. आणि फरशीत स्क्रू मारण्याआधी कारागिराला गाडीखाली वाकून बघायला लावा. बहुतेक गाड्यांत मागच्या सीटखाली पेट्रोलची टाकी असते, आणि सीएनजीच्या गाडीत तळाशी गॅसची नळी जाते. भरलेल्या टाकीतला दाब सुमारे २०० बार, म्हणजे टायरमधल्या हवेच्या कैक पट. तिथे एक चुकीचा स्क्रू म्हणजे काय, ते सांगायला नको. टाकीच्या अंगावर किंवा पट्ट्यांवर काहीही बांधायचं नाही.

विजेचा हिशेबही करावा. ३०० वॅटचा अॅम्प्लिफायर पूर्ण जोरात असताना तीसेक अँपिअर ओढतो. हेडलाइटच्या साध्या साठ वॅटच्या दोन बल्बांना मिळून दहा लागतात. पावसाळ्यातल्या रात्री दिवे, वायपर, एसीचा पंखा, मागच्या काचेची जाळी असं सगळं एकदम चालू असतं आणि त्यात कोंडीत इंजिन मंद फिरत असतं. गाण्याच्या ठोक्याबरोबर दिवे मंदावू लागले, तर बॅटरी आणि आल्टरनेटर दमलेत असं समजा. जुन्या गाडीत आधी बॅटरी तपासून घ्या. शक्य असेल तिथे कंपनीची वायर तोडू देऊ नका. गाडीच्या मॉडेलप्रमाणे कपलर मिळतो, तो जोडला की पुढे सगळं काढून पूर्ववत करता येतं. वॉरंटी असलेल्या गाडीत तर हा आग्रह धराच. आणि नंतर बसवलेल्या या विद्युत उपकरणांची नोंद विमापत्रात वेगळी करून घ्यावी लागते, नाहीतर चोरी झाल्यावर भरपाई मिळवताना अडचण येते.

पैशांची वाटणी कशी करावी? समजा तीस हजार बाजूला ठेवलेत. आमचा कागद असा झाला: पुढच्या दोन दारांचं डॅम्पिंग तीन हजार, पुढचे कंपोनंट स्पीकर सात हजार, सीटखालचा सबवूफर बारा हजार, चांगली तार, फ्यूज आणि कपलर अडीच हजार, मजुरी अडीच हजार. तीन हजार हातात राखून. भाव दुकानागणिक बदलतील, प्रमाण तेवढं धरून ठेवा. हे सगळं एकदम करायची गरजही नाही. दारं आणि पुढचे स्पीकर करून महिनाभर ऐका. कागदावरची अर्धी तक्रार तिथेच मिटते. मागचे स्पीकर आणि मोठी स्क्रीन या यादीत नाहीत, हे तुमच्या लक्षात आलं असेल. आणि आधी गाण्याची फाइल तपासा. मोबाइलवरून मोबाइलवर फिरून चपटं झालेलं गाणं लाखाच्या स्पीकरवरही चपटंच वाजतं. एफएमवर पंधरा हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज येतो. नव्या गाडीची परीक्षा घ्यायला तेवढा चांगला आहे.

काम झालं की लगेच पैसे देऊन निघू नका. तिथेच उभं राहून तीन परीक्षा घ्या. पहिली, स्पीकरच्या तारा उलटसुलट जोडल्या नाहीत ना? एकाच माणसाचं बोलणं लावा, बॅलन्स मध्यावर ठेवा. आवाज डॅशबोर्डच्या मधून यायला हवा. तो विस्कटलेला, पोकळ वाटला आणि बेस नाहीसा झाला, तर एक स्पीकर पुढे जात असताना दुसरा मागे जातोय. दारातला वूफर बसवण्याआधी दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवला तरी हे कळतं. अधिकला अधिक लावलं की पडदा बाहेर यायला हवा. ट्विटरवर मात्र हा प्रयोग करू नये. दुसरी परीक्षा, सीमारेषा. सबवूफरला ऐंशी हर्ट्झच्या खालचंच द्यावं, आणि स्टीरिओत सोय असेल तर दारातल्या स्पीकरांना त्याच्या वरचंच. दारातल्या स्पीकरच्या डोक्यावरून डग्ग्याचं ओझं उतरलं की त्याचा मधला आवाज एकदम मोकळा होतो. तिसरी, 'गेन'. अॅम्प्लिफायरवरचं ते बटण म्हणजे व्हॉल्यूम नव्हे. स्टीरिओ पाऊणपर्यंत वाढवून गेन हळूहळू वर न्यावा, आवाज फाटू लागला की थोडा मागे घ्यावा आणि मग त्याला पुन्हा हात लावू नये. सबवूफरची पातळी शेवटी अशी ठेवा की तो आहे हे कळू नये, बंद केल्यावर मात्र त्याची उणीव भासावी.

आणि कानाची मर्यादा. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेनं १९९८ मध्ये घालून दिलेलं कोष्टक सोपं आहे: ८५ डेसिबल रोज आठ तास चालेल, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, आणि १०० ला फक्त पंधरा मिनिटं. कोलशेत ते मुंबई आणि परत दोन-तीन तास ऐकणाऱ्यानं हे मनातल्या मनात मोजून बघावं. मोबाइलवर डेसिबल मोजायची सोय मिळते, अंदाजापुरती ती पुरे. आतल्या कानातल्या केशपेशी एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. पहिल्यांदा जातात त्या वरच्या सुरांच्या, म्हणजे ज्या व्यंजनांसाठी आपण ट्विटर घेतला, त्यांच्याच. शिवाय मागून रुग्णवाहिका येत असेल तर तिचा भोंगा आपल्याला ऐकू यायला हवा. ती वाट मागत असते, आणि आत कुणाच्या तरी घरचं माणूस असतं.

बाहेरच्यांचाही विचार आहेच. वरचे सूर काचेत आणि भिंतीत अडतात, खालचे आरपार जातात. म्हणून रात्री साडेअकराला सोसायटीच्या फाटकातून गाडी आत येते तेव्हा चौथ्या मजल्यावरच्या आजारी माणसाला गाणं ऐकू येत नाही, नुसता ठोका ऐकू येतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल अशी मर्यादा घातली आहे. ठाण्याचेच डॉ. महेश बेडेकर यांनी गोंगाटाविरुद्ध जनहित याचिका केली आणि मुंबई उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०१६ मध्ये त्यावर सविस्तर निकाल दिला. तो प्रामुख्यानं उत्सवांतल्या लाउडस्पीकरांबद्दल होता, पण चौथ्या मजल्यावरच्या माणसाला ठोका मंडपातून येतो की डिकीतून, यानं काय फरक पडतो? बरेच अॅम्प्लिफायर सबवूफरसाठी एक छोटं रिमोट बटण देतात. ते हाताशी बसवून घ्या. फाटकाशी आलं की शून्यावर.

भाच्याच्या गाडीत हे सगळं होऊन काही महिने झाले. कोलशेत काही हललं नाही. परवा त्याच्याबरोबर कल्याणला जाताना एक जुनी कव्वाली लावली होती. टाळ्यांच्या मागे ढोलकाचा डावा हात स्पष्ट घुमत होता, मुख्य गायकाच्या मागच्या मंडळींचे आवाज वेगवेगळे मोजता येत होते, आणि मागच्या सीटवर माझी बहीण फोनवर सुनेशी सावकाश बोलत होती. तिला आवाज चढवावा लागत नव्हता. मी स्टीरिओवरचा आकडा पाहिला: चाळीसपैकी चौदा. पूर्वी तो पंचवीसच्या खाली येत नसे.